पोहे हातात धरून झोपलेला फौजी

नालवाडी, रविवार संध्याकाळ, मे २००२

तळेगावचा फौजी आज मले पाहायले आला आणि पोह्यांची बशी हातात धरूनच झोपला. मी समोर नटून बसलेली! त्याची आई म्हणे, "दोन वर्षं बर्फातल्या चौकीवर होता वो. तवापासून झोपच उडाली त्याची. या वयात बीपीची गोळी लागली." मग इथं बरी आली झोप, माझं तोंड पाहून! अशी चीड आली की चहाचा स्टीलचा ट्रे मुद्दाम फरशीवर आपटला.

"झुको!" असा ओरडला, पोह्यानं माखलेल्या हातानं माझं डोकं खाली दाबलं आणि माझ्यावर ओणवा झाला. नुसता थरथरत होता. सगळे खो खो हसले. मीसुद्धा.

बाबा म्हणाले, "भरदुपारी पिऊन आला. मिलिट्रीची रम, दुसरं काय!" वास नव्हता. इतक्या जवळ तर मीच होती. आपटलेला ट्रे उचलून आत गेली.

त्याची आई त्याच्या बाजूलेच बसली होती. मग माझंच डोकं काऊन झाकलं?

नकार कळवून झाला. केसांत त्याच्या हाताची हळद निघाली. शिकेकाईनं धुऊन टाकली.