या घरात ऑर्बिमेल उघडली जात नाही

३ ऑगस्ट २००३
आशूची मेल आली! कॅनडाहून. तिची आई, वंदना, गेली तेव्हा दहा दिवस येऊन गेली होती, त्यानंतर फोनवर बोलणं झालं की कुणीतरी रिसीव्हर आपटायचं. (बहुतेक वेळा मी. पण कारण तिनं दिलेलं असायचं.) म्हणून आता मेल. म्हणते, लिहिताना माणूस ओरडत नाही.
मुलगा झालाय. जूनमध्ये. डिसेंबरात मोहालीला सासरी येणार आहे. लिहिलंय: बाबा, तुम्ही या म्हणालात तर बाळाला घरी घेऊन येईन. नाही म्हणालात, किंवा काहीच म्हणाला नाहीत, तर दारात उभी राहणार नाही.
हे असं अटी घालणं तिच्या आईकडून आलेलं आहे. उत्तर उद्याच.

६ ऑगस्ट
सेक्टर पंधराच्या सायबर कॅफेत बसून उत्तर लिहिलं. मराठी फॉन्टची फ्लॉपी घरून नेली. मालक मल्होत्राजी म्हणाले, अंकलजी, ये तो किताब हो गई. पत्र अतिशय संयमित उतरलं आहे. तिच्या सासरच्या गिल मंडळींविषयी एक शब्द वाईट नाही. फक्त नातू मला आजोबा म्हणणार की नानाजी, एवढं विचारलं, आणि लग्नाच्या वेळी तिचं काय चुकलं ते मुद्देसूद मांडलं. शेवटी ‘ये’ म्हटलं आहेच.

९ ऑगस्ट
आशूला माझी मेल पोचली, पण नुसती प्रश्नचिन्हं! पानभर! माझं खातं ज्यावर आहे त्या ऑर्बिमेलला देवनागरी झेपत नाही. आशू लिहिते, बाबा, इंग्रजी अक्षरांत लिहा ना. नुसतं ‘हो’ लिहिलंत तरी पुरे.
मी? इंग्रजी अक्षरांत मराठी? तीस वर्षं या चंदीगडात राज्यशास्त्र शिकवलं, पोरगी हिंदीत उत्तर द्यायची तरी घरात मराठीच बोललो, ते काय ‘हो’साठी एच आणि ओ टाइप करायला? जगातल्या अर्ध्या लोकांच्या मेल या ऑर्बिनेट कंपनीच्या हातात, आणि माझी भाषा म्हणजे प्रश्नचिन्ह!
ठरलं. आधी कंपनीला वठणीवर आणायचं, मग आशूला शुद्ध मराठीत उत्तर. गणपतीपर्यंत होऊन जाईल.

१४ ऑगस्ट
ऑर्बिनेटच्या साइटवर ग्राहकांची मतं मागवणारा फॉर्म सापडला. ‘अत्यंत असमाधानी’वर खूण केली. अभिप्राय मराठीत लिहिला, दीड पान, सणसणीत. लगेच उत्तर आलं! आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. खाली माझं मत छापलं होतं. सगळी प्रश्नचिन्हं.
पण दखल घेतली, हे महत्त्वाचं.

३१ ऑगस्ट, गणेश चतुर्थी
इथल्या मराठी मंडळात आरती आणि प्रसादाच्या मध्ये छोटं भाषण केलं. मोदक गार झाले असं काही जण म्हणाले. होतच असतं.
मतं घेतली. कर्नल रघुवीर चंडीमंदिरच्या लष्करी छावणीतून आले होते. ते म्हणाले, मला तर ऑर्बिमेल फार आवडते, कारण बायकोला उघडता येत नाही. मेडिकल इन्स्टिट्यूटमधले डॉ. शिशिर म्हणाले, काका, फुकट मिळतंय ना यार, मग तक्रार कसली? त्यांची बायको वीणा हळूच म्हणाली, काका, आशूला फोन का करत नाही? बायकांना मुद्दा कळत नाही.
तिघांच्याही सह्या घेतल्या. ‘ऑर्बिमेल पीडित ग्राहक संघ’ स्थापन. अध्यक्ष मी.

१७ सप्टेंबर
ग्राहक मंचाच्या ऑफिसात गेलो. क्लार्कनं चहा पाजला आणि विचारलं, पैसे कितने दिए थे कंपनी को? म्हटलं, काहीच नाही. तो म्हणाला, फिर तो सर, आप कंझ्यूमर ही नहीं हैं. घरी येऊन कायदा पाहिला. बरोबर आहे त्याचं! म्हणजे कायदाच बदलायला हवा. मंत्रालयाला लिहिणार.
आशूची आणखी एक मेल येऊन पडली आहे. बाळाचा फोटो. कपाळ वंदनाचं आहे.
मल्होत्राजींना दाखवला. त्यांनी विचारलं, जवाब नहीं देना? म्हटलं, मामला प्रिन्सिपल का है.

२ ऑक्टोबर, गांधी जयंती
आजपासून ऑर्बिमेलवर बहिष्कार. देवनागरी येईपर्यंत खातं उघडणार नाही. असहकारापुढे साम्राज्यं झुकली, ही तर एक कंपनी.
शिशिरचा फोन आला. म्हणाला, काका, अधूनमधून उघडून ठेवा, महिनाभर उघडलं नाही तर बंद करतात, पॉलिसी आहे त्यांची. पॉलिसी! माझ्यासारखं गिऱ्हाईक घालवायची हिंमत आहे का त्यांची?

७ ऑक्टोबर
गेटवर बोर्ड लावला. सेक्टर बावीसच्या पेंटरकडून, पांढऱ्यावर लाल: ‘या घरात ऑर्बिमेल उघडली जात नाही. निर्णय अंतिम.’ पेंटर म्हणाला, हिंदी में लिखवा लो जी, कोई समझेगा तो सही. मी ठाम राहिलो. मराठीसाठीचा लढा मराठीतच. चार स्क्रू मारून पक्का बसवला.
समोरच्या मिसेस संधूंनी विचारलं, मकान किराये पे देना है?
अख्ख्या सेक्टरमध्ये हा बोर्ड धड वाचू शकेल असं कुणी नाही. लोकांच्या अज्ञानाला मी काय करू?

२५ ऑक्टोबर, दिवाळी
एकटाच. चकल्या वीणानं पाठवल्या.
बाळासाठी लोकरीचं झबलं आणि टोपरं आणलं. वंदनानं माळ्यावर ठेवलेला आशूचा पाळणा उतरवला, पुसला. कडी करकरते, तेल घालायला हवं.
उत्तर गेलं नाही म्हणून ती यायची राहील, असं मला मुळीच वाटत नाही. शेवटी मुलगी कुणाची आहे? बापाचं मन न लिहिताही कळायला हवं.

१६ नोव्हेंबर
बहिष्कारात फूट! वीणा रोज खातं उघडते म्हणे. कर्नलनी तर कधी बंदच केलं नव्हतं. सही कशाला केली विचारलं, तर म्हणाले, प्रसाद मिळत नव्हता.
म्हणजे संघात आता मी एकटाच. निर्णय लवकर होतील.

७ डिसेंबर
मोहालीत गिलांकडे फोन करावा असं मनात आलं. आली का, विचारायला. नंबर अर्धा फिरवला. मग वाटलं, पाहुण्यानं आधी फोन करावा. हीच पद्धत आहे.
पाळण्याला तेल घातलं.

२१ डिसेंबर
दाट धुकं. सकाळी गेटपाशी एक ऑटो थांबली. शाल घेतलेली कुणी बाई आत बसली होती, मांडीवर गाठोडं. उतरली नाही. थोडा वेळ थांबून ऑटो गेली. घर चुकलं असेल. एवढा मोठा नंबर लिहिलाय, पण लोक वाचतील तर ना!
आशूचं विमान धुक्यामुळे दिल्लीला अडकलं असणार.

३१ डिसेंबर
अडकलंच असणार.

१८ जानेवारी २००४
मंडळाचं तिळगूळ. वीणा म्हणाली, काका, आशू मोहालीच्या मार्केटमध्ये भेटली होती हो, बाळ कित्ती गोड आहे! गेल्या आठवड्यात परत गेली ना? मी म्हटलं, हो हो, गेली. धावपळ झाली फार. तिळगूळ हातातच धरून घरी आलो.

१९ जानेवारी
बहिष्कार स्थगित. कॅफेत जाऊन खातं उघडलं. म्हणजे उघडायला गेलो. असं खातंच नाही म्हणे. मल्होत्राजींनी पाहिलं, म्हणाले, डिलीट हो गया अंकलजी, महीने से ऊपर हो गया. विचारलं, आतल्या मेल? म्हणाले, सब गया. विचारलं, फोटो? चहा मागवला त्यांनी.

२० जानेवारी
मोहालीला फोन केला. मिसेस गिलनी उचलला. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, भाईसाब, उसने बहुत मेल किए. सारे वापस आ गए. कहती थी, पापा ने अकाउंट ही बंद कर दिया.
मग म्हणाल्या, तरीही ती एकदा आली होती. हट्टानं. सकाळी, धुक्यात, ऑटो करून, बाळाला घेऊन. गेटवर बोर्ड होता. तो वाचून परत आली. त्यांनी विचारलं, बोर्डावर काय लिहिलंय? तर म्हणाली, इतना ही, कि फैसला आखरी है.
अख्ख्या सेक्टरमध्ये वाचू शकणारं कुणी नव्हतं. एक होती, तिनं वाचला.
मी म्हटलं, तो तिच्यासाठी नव्हता हो, कंपनीसाठी होता. तिचा नंबर द्या. म्हणाल्या, उसने मना किया है, भाईसाब. निरोप देते म्हणाल्या.
आशू, मी वाट पाहत होतो गं. खिडकीतच होतो.

२१ जानेवारी
बोर्ड काढायला गेलो. स्क्रू गंजलेत, फिरत नाहीत. मिसेस संधू विचारत होत्या, किरायेदार मिल गया?

२२ जानेवारी
कॅफेत गेलो. नवं खातं काढलं. ऑर्बिमेलवरच. अटी आल्या, पानंच्या पानं. न वाचता ‘मान्य’वर खूण केली.
मग इंग्रजी अक्षरांत टाइप केलं. एच. ओ. एवढंच. वेळ काहीच लागला नाही.
मल्होत्राजींनी मागून वाकून विचारलं, भेजना किसको है? आशूचा पत्ता मला पाठ नव्हता. कधी करावाच लागला नाही, तिच्या मेलला नुसतं उत्तर द्यायचं असायचं. तो जुन्या खात्यात होता.
आठवून पाहिलं. पुढे तिचं नाव होतं, मग कुठलेसे आकडे. बाळाची तारीख असेल. ती मला माहीत नाही. जून, एवढंच माहीत आहे.
बराच वेळ बसलो होतो. मग दुसरं गिऱ्हाईक आलं, तेव्हा उठलो.