झावळ्यांच्या पडद्याआड सात शनिवार

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
जिल्हा आरोग्य कार्यालय,
सावाई बेट, सामोआ.

विषय : स्तनतपासणीच्या वेळी पत्नीऐवजी पडद्याआड बसल्याबद्दल झालेल्या शिक्षेतून सूट मिळणेबाबत.

संदर्भ : आपली प्रश्नावली, प्रश्न ४ : "स्त्रियांना स्वतःच्या स्तनांची तपासणी करण्यास काय प्रवृत्त करते?"

महोदया,

मी, पेनिआमिना इओसेफो, वय ५८, राहणार सालेवाई, धंदा तारोची शेती, खालील हकीकत आदरपूर्वक आपल्या नजरेस आणू इच्छितो.

१. आमची महिला समिती दर महिन्याला शिट्टी वाजवत घरोघर फिरते आणि उशा, मच्छरदाण्या, संडास तपासते, हे आपण जाणताच. जानेवारीपासून समितीच्या अध्यक्षा, आमच्या पाद्रीबाई श्रीमती आसोला, यांनी त्यात भर घातली. महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी घंटा झाली की प्रत्येक बाईने घराचे झावळ्यांचे पडदे सोडून दहा मिनिटे स्वतःची तपासणी करावी. घरांना भिंती नसल्याने कोणाचे पडदे पडले आणि कोणाचे नाहीत, हे रस्त्यावरच्या कोंबड्यांनाही कळते.

२. माझी पत्नी फिलेमू हिने साफ नकार दिला. "हात दाखवून अवलक्षण कशाला? एवढी हौस असेल तर तुम्हीच बसा पडद्यात," असे म्हणून ती खडकांवर शिंपले वेचायला निघून गेली. गावात नाक कापले जाऊ नये म्हणून मी बसलो. सहा महिने बसलो. वेळ जावा म्हणून डब्यातले खारे मांस खाल्ले, त्याबद्दल दिलगीर आहे.

३. जूनअखेर 'सर्वांत नियमित घर' म्हणून फिलेमूला भर चर्चमध्ये बारीक विणीची मानाची चटई मिळाली. टाळ्या इतक्या झाल्या की तिला नाही म्हणवेना. जुलैच्या शनिवारी मात्र वाऱ्याने पडदा उचलला आणि पाहणीस निघालेल्या पाद्रीबाईंना मी एकटाच, मांडीवर डबा घेऊन बसलेला दिसलो. त्या एवढेच म्हणाल्या, "काय पेनिआमिना, लागलं का हाताला काही?"

४. शिक्षा अशी की, दर शनिवारी मी गावातल्या पुरुषांना ही तपासणी शिकवावी, म्हणजे ते घरी बायकांना आठवण करून देतील. उशीत पपईची बी लपवतात. ती मी तीन बोटे सपाट ठेवून, गोल फिरवत, सर्वांदेखत शोधायची. गाव मला नर्सबाई म्हणते. परवा प्रवचन चालू असताना मी शेजाऱ्याची बसायची उशी चाचपत होतो, ते मला शेजाऱ्याने सांगितले.

५. आता प्रश्न ४. आपल्या भित्तिपत्रकाने आम्ही तीन वर्षे किटली झाकतो. रेडिओवर तो विषय निघाला की फिलेमू रेडिओ बंद करते. माझ्या विनवण्यांना ती हसते. पण समितीने चटई काढून घेतली आणि समोरच्या लुसियाला दिली, त्या बुधवारी तिने घंटेविना, भर दुपारी पडदे सोडले आणि मला बाहेर हाकलले. "ती चटई परत आणते की नाही बघाच!" सबब, उत्तर : संताप आणि समोरची शेजारीण.

६. तिने पडदे वर केले. मग म्हणाली, "तुमच्या उशीतली बी बारीक असते हो. ही मोठी आहे." महोदया, त्या दिवसापासून मला जेवण जात नाही. मला फार भीती वाटते. दवाखान्यात चल म्हटले तर म्हणते, "नको. गाव म्हणेल, ही गाठसुद्धा नवऱ्यानेच शोधली."

७. तरी गाठ तिने स्वतः, स्वतःच्या बोटांनी शोधली व त्या वेळी मी बाहेर डुकरांजवळ उभा होतो, असे शिक्क्यानिशी लिहून मिळावे. माझी शिक्षा आजन्म चालू राहिली तरी हरकत नाही. फिलेमू आत्ता आपल्या कार्यालयाबाहेर बाकावर बसली आहे. मला सूट मिळू नये हे जातीने पाहण्यासाठी ती सोबत आली आहे. तिने अर्जाचा विषय तेवढाच वाचला आहे. मी तिला फसवून आणले, याची माफी मी तिच्याजवळ मागेन. आपण मला आत बोलावू नये. तिला बोलवावे.

आपला आज्ञाधारक व घाबरलेला,
पेनिआमिना इओसेफो
सालेवाई, दि. ६ ऑगस्ट

सोबत : भरलेली प्रश्नावली, एक प्रत.