ड्राफ्ट नाही, फायनल

१२ जानेवारी २०२५. सकाळी ९ (खरं तर ११)
आजपासून मी बोट डिझायनर. डिप्लोमा अर्धवट राहिला, पण पाणी काही सर्टिफिकेट मागत नाही. कनकपुऱ्याच्या पलीकडच्या तळ्यावर देवाप्पा हरगोलातून लोकांना पार नेतो. हरगोल म्हणजे बांबूची मोठी गोल टोपलीच. त्याचा उजवा खांदा कामातून गेलाय. आणि पंचायतीने सांगितलंय, उगादीनंतर ज्याची मोटरची नाव, त्यालाच फेरीचा हक्क. म्हटलं, देवाप्पा, मी आहे ना. फेब्रुवारीत इलेक्ट्रिक नाव देतो. त्याने माझा हात धरला. दुखऱ्याच हाताने.

१९ जानेवारी
हल, म्हणजे नावेचं बूड, कागदावर उतरलं. खाली खोल, धारदार, समुद्रातल्या रेसच्या बोटीसारखं. देवाप्पा फोनवर म्हणतो, तम्मा (म्हणजे धाकट्या भावा), बूड सपाट ठेव, पलीकडच्या काठाला पाणी स्वल्पच असतं. टोपलीत आयुष्य गेलेल्या माणसाशी काय बोलणार.

२ फेब्रुवारी
अक्काला चित्र दाखवलं. सौम्याअक्का इलेक्ट्रॉनिक सिटीत इंजिनिअर. आमच्या चामराजपेटच्या घरात मी सोडून सगळेच इंजिनिअर. तिने विचारलं, ड्राफ्ट किती? म्हटलं, ड्राफ्टबिफ्ट नाही, डायरेक्ट फायनल केलंय. एकदा चित्राकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. भारावली असावी. मग म्हणाली, तिथलं पाणी तरी मोजून ये. पाणी कोण मोजतं?

९ फेब्रुवारी
गोकर्णला निघालो. समुद्र पाहिल्याशिवाय डिझाइनला खोली येत नाही. तीन दिवस.

१ मार्च
परत आलो. अभ्यास लांबला. गिटारच्या तीन कॉर्ड्स येतात. देवाप्पाचे सतरा मिस्ड कॉल. कलावंतावर लोकांचा विश्वासच नाही.

८ मार्च. पीण्या
नागराजच्या शेडमध्ये गेलो. तो फायबरच्या पाण्याच्या टाक्या करतो. चित्र उलटं धरून म्हणाला, तळ्यासाठी एवढं खोल बूड कशाला? म्हटलं, तुम्ही टाकीवाले, हे तुमच्या डोक्यावरून जाणार. म्हणाला, सरी. या गावात सरी म्हणजे होकार नव्हे, वाद संपला एवढंच. पण मी होकार धरला आणि नाव करायला दिली.

२२ मार्च
चार बॅटऱ्या आणल्या. एकेक उचलायला दोन माणसं. नावेच्या मधोमध बसवणार होतो, पण वायर कमी पडली. सगळ्या मागे, मोटरला चिकटून. नागराज म्हणाला, अण्णा, नाव मागून खाली बसेल. म्हटलं, रेसच्या बोटीचं नाक वरच असतं. देवाप्पाचा फोन: पाणी रोज उतरतंय, लवकर आण. संकल्प: उद्या सकाळी सहाला टेस्टिंग.

२३ मार्च
दहाला उठलो. मॅच होती. टेस्टिंग थेट पाण्यातच करायचं ठरवलं. प्रोफेशनल पद्धत.

७ एप्रिल, सोमवार. ट्रायल
बांधाकडे पाणी खोल, तिथून निघालो. देवाप्पाने नवा शर्ट घातला होता, सुकाणू त्याच्याच हातात. मधल्या पाण्यात नाव अशी गेली की तो हसला. अजिबात आवाज नाही. पलीकडच्या काठावर पंचायतीची माणसं उभी.
काठापासून चाळीस हातांवर थांबली. मागचं बूड चिखलात. मी मोटर वाढवली, तर चिखल उडून त्याच्या शर्टावर. अध्यक्ष काठावरून म्हणाले, देवाप्पा, म्हाताऱ्या इथपर्यंत पोहत यायच्या का? लोक हसले. मी सांगत होतो की हा चिखलाचा दोष आहे.
देवाप्पा उतरला. मांडीभर पाणी. मला म्हणाला, ये. मला पोहता येत नाही. हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. तो चालत काठाला गेला, पालथं पडलेलं हरगोल सुलटं केलं आणि डाव्या हाताने वल्हवत मला न्यायला आला. एका हाताने हरगोल नुसतं गरगरतं. चाळीस हातांना अर्धा तास लागला. सगळे बघत होते.
हक्क दुसऱ्याला गेला. त्याची साधी डिझेलची, सपाट बुडाची.
देवाप्पा एवढंच म्हणाला, तम्मा, फेब्रुवारीत इथे छातीभर पाणी होतं.

८ एप्रिल
अक्काला विचारलं, ड्राफ्ट म्हणजे काय गं? नाव पाण्याखाली किती बुडते ते माप, ती म्हणाली.
देवाप्पाचा मिस्ड कॉल नाही. माझाच फोन बंद तर नाही ना म्हणून अक्काला रिंग द्यायला लावली. वाजला.