उचलायचंच असेल तर टेबल उचला

एडिनबरा,
रविवार

तीर्थस्वरूप मिलिंदमामांना वरदाचा साष्टांग नमस्कार (आठांपैकी जेवढी अंगं माझं ऐकतात तेवढ्यांनी). मामींची सायटिका आणि तुमचं अध्यक्षपद, दोन्ही जुनी दुखणी कशी आहेत? मंडळाच्या गणपतीचं आमंत्रण पोचलं. 'यंदाही तुला उचलून स्टेजवर नेणार' असं खाली तुमच्या अक्षरात वाचलं आणि म्हणूनच हे पत्र लिहायला बसले. पण आधी माझी फजिती ऐका.

आमच्या संस्थेने आफ्रिकेतल्या तरुण लोकप्रतिनिधींची परिषद भरवली होती. विषय, कारभारात मुलींना आणि अपंगांना जागा. हॉल बुक करायचं काम माझ्याकडे (व्हीलचेअरवाल्या मुलीला बरोब्बर कळणार, असं बॉसचं मत). फोनवरचा माणूस म्हणाला, स्टेजला फक्त तीन पायऱ्या आहेत. मी म्हटलं, हात्तिच्या! मामा, तुम्ही मला वीस वर्षं कॉव्हेंट्रीच्या आपल्या मंडळाच्या स्टेजच्या सात पायऱ्या चढवल्यात. माझ्या लेखी तीन म्हणजे सपाटच. फॉर्मवर ठोकून दिलं, व्हीलचेअरची सोय आहे.

उद्घाटनाला आली चिसोमो, मलावीची सत्तावीस वर्षांची नगरसेविका, तीही व्हीलचेअरवर. हॉलचे दोन दणकट केअरटेकर हातमोजे चढवून तिला उचलायला पुढे झाले. बाईने चाकांचे ब्रेक लावले आणि गोड हसून म्हणाली, "उचलायचंच असेल तर टेबल उचला." माझ्या तोंडचं पाणी पळालं. पण काय सांगू, टेबल, फुलदाण्या, पाण्याचे जग, नावांच्या पाट्या आणि मागोमाग सहा मान्यवर, सगळी वरात खाली आली! (एका म्हाताऱ्या प्रोफेसरांनी तर तिचे आभार मानले, त्यांच्या गुडघ्याने सकाळपासून त्या पायऱ्यांची धास्ती घेतली होती.) सहांत बाई एकच, तीही सभेचे मिनिट्स लिहायला. चिसोमोने आपला माइक तिच्या हातात दिला. ती जी सुटली ती लंच गार झालं तरी थांबेना.

जेवताना मी चिसोमोची माफी मागितली आणि तुमची कीर्तीही गायली, की मामा उचलतात, लोक टाळ्या वाजवतात. तिने विचारलं, मग खाली कधी येतेस? मी म्हटलं, मामा मोकळे झाले की. म्हटलं खरं, आणि गेल्या वर्षीचा गणपती आठवला. गेल्या वर्षी आरती, फोटो, सत्कार, पंगत या गडबडीत तुम्ही मला विसरलात. सव्वादोन तास मी वर, गणपतीशेजारी. लोक आधी त्याला नमस्कार करत, मग माझ्याकडे बघून हसत. मला टॉयलेटला जायचं होतं मामा, आणि भर सभेत ओरडून सांगायची लाज वाटत होती. मी सगळ्यांकडे बघून हसत होते आणि आतून रडत होते. तुम्ही प्रेमाने उचलता हे मला ठाऊक आहे. म्हणूनच इतकी वर्षं तोंडातून शब्द निघाला नाही.

असो. तुमच्या नातवाला, कुशला, माझ्या वतीने एक धपाटा घाला.

तुमची लाडकी (अजून तरी) भाची,
वरदा

ता. क. यंदा मला उचलू नका. तुमची पाठही आता सत्तरीला आली.

ता. क. २. मंडळाच्या अध्यक्षपदासाठी माझा अर्ज सोबत आहे. चौदा वर्षं तुमच्याविरुद्ध कोणी उभं राहिलेलं नाही. मी तरी कुठे राहतेय, बसूनच लढणार. जाहीरनामा एका ओळीचा आहे, गणपती खाली बसेल. अनुमोदक म्हणून आजीव सदस्याची सही लागते आणि तुमच्या भीतीने कोणी करायला धजत नाही. तेव्हा तुम्हीच करा.

ता. क. ३. सूचकाची सही बघून दचकू नका. मामींनी ती आमंत्रण येण्याच्याही आधी करून पाठवली होती.