बाबांच्या डब्यासाठी विषय

ती. दादास,

तुझ्या धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा आठांपैकी जेवढी अंगं वाकतात तेवढ्यांचाच समजावा.) तुझी साखर, वहिनीचे गुडघे आणि तुझे मखमली आल्बम, सगळ्यांच्या प्रकृती ठीक असतील अशी आशा आहे. त्यातल्या त्यात आल्बमची काळजी जास्त घेतली जाते, असं वहिनी फोनवर म्हणाली. मी आपलं नुसतं "हो ना" म्हटलं. आम्ही इकडे मजेत. आमच्या ह्यांचा खोकला तसाच आहे, म्हणजे बाजारात जायची वेळ झाली की वाढतो.

तर मूळ मुद्द्याकडे येते. बाबा गेल्यावर त्यांचा नाण्यांचा पत्र्याचा डबा माझ्याकडे राहिला आणि तो तुझ्या डोळ्यांत सलतो, हे मला ठाऊक आहे. "विषय नसलेला संग्रह म्हणजे निव्वळ चिल्लर," असं मागच्या पत्रात लिहिलंस, डब्यात आपलाही अर्धा वाटा असल्याची आठवण करून दिलीस आणि वर अट घातलीस. काय, तर आमच्या इथल्या नाणेसंग्राहक मंडळाच्या प्रदर्शनात मी विषयासकट टेबल मिळवून दाखवावं, मग डबा माझा. नाहीतर तू येणार, भिंग लावून कामाची नाणी तुझ्या राजेमहाराजांच्या आल्बमसाठी वेचणार आणि उरलेली भंगारात घालणार. भंगार हा शब्द वाचून मला रात्रीचं जेवण गेलं नाही. (सकाळी गेलं. दुप्पट गेलं.) अरे, बाबांनी उभा जन्म बसची घंटी ओढली. त्यांचं घड्याळ तू नेलंस, छत्रीसुद्धा नेलीस, एवढा एक डबा माझ्याकडे उरला, तोही आता भिंगाखाली? छे! मी लागले विषयाच्या मागे.

मंडळाचे सचिव दातांचे डॉक्टर आहेत. त्यांना भेटायचं तर दवाखान्यातच, आणि नंबर लावल्याशिवाय तिथे आत सोडत नाहीत, म्हणून मी नंबर लावला. खुर्चीत बसते न बसते तोच त्यांनी माझ्या तोंडात आरसा, कापूस आणि थुंकी ओढणारी नळी घातली आणि मग विचारलं, "हं, काय विषय घेताय?" या माणसाशी मंडळात कधीच कुणाचे मतभेद का होत नाहीत, ते मला तेव्हा कळलं. पुढे ते एकटेच बोलत राहिले. विषय नेमका हवा, अभ्यासू हवा, आणि नाणं म्हणे जन्मात घासायचं नाही. घासलेलं नाणं मंडळाचा उंबरा ओलांडत नाही. बाहेर पडले तेव्हा विषय मिळाला नव्हता, पण दाढ मात्र भरून झाली होती.

घरी येऊन डबा पलंगावर ओतला. पहिला विषय घेतला प्राणी. एक सिंह निघाला, एक मासा निघाला आणि एक पक्षी निघाला, जो माझ्या मते गरुड आणि ह्यांच्या मते कोंबडी. त्यावरून आमची अशी काही जुंपली की शेजारीण निवाडा करायला आली आणि पोपट ठरवून गेली. मग घेतली जहाजं. दोन सापडली, पैकी एक नीट निरखून पाहिलं तर कुठल्याशा राणीचा मुकुट. मग भोकाची नाणी. ती चांगली मूठभर निघाली. मी हरखून सचिवांना फोन लावणार, तेवढ्यात ह्यांनी त्यातलं एक उचललं आणि मोरीच्या नळाला बसवून पाहिलं. नळ गळायचा थांबला. (इतकी वर्षं प्लंबर जे करू शकला नाही ते बाबांच्या डब्याने केलं, असं हे आता येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात.)

माझा चेहरा पाहून ह्यांना दया आली. तुला ह्यांची दया माहीत नाही. मी भाजी आणायला गेले आणि परत येऊन बघते तर हे मोरीत पाटावर बसलेले, शेजारी भांडी घासायची पावडर, आणि डब्यातलं नाणं न् नाणं घासून काढलेलं. "प्रदर्शन आहे ना, मग दिसायला नकोत?" मी भाजीची पिशवी तिथेच टाकली. तोंडाने काय काय बोलले ते लिहीत नाही, पत्र वहिनीही वाचते. पण मग लक्षात आलं की चांदीची म्हणून जी नाणी होती ती काळीठिक्कर पडली आहेत. मुलामा गेला आणि आत शिसं. काही तर नुसत्या पत्र्याच्या गोल चकत्या, एक कोटाचं बटण, बाकीची कुठल्या कुठल्या परमुलखातली. सबंध डब्यात दुकानात चालेल असं एक नाणं नाही!

आणि मग आठवलं रे सगळं. पाळी संपवून आले की बाबा चामड्याची पिशवी सतरंजीवर रिकामी करायचे आणि अंगठ्याने एकेक नाणं बाजूला सारायचे. गर्दीत, अंधारात, कुणीतरी गळ्यात मारलेलं. डेपोत भरणा पुरा हवा, म्हणून तेवढी भर स्वतःच्या पगारातून. आई करवादायची, "लोकांचं शिसं घरात आणि आपले खरे पैसे डेपोत!" बाबा म्हणायचे, "गर्दीत कुणाकुणाचं तोंड बघत बसू?" आणि डब्याचं झाकण लावायचे. मी तिथेच ओल्या मोरीत बसून रडले. ह्यांना वाटलं पावडरीमुळे.

पुन्हा नंबर लावला. या खेपेला खुर्चीत बसले ती ओठ घट्ट मिटून, आणि नाणी त्यांच्या अवजारांच्या तबकात ओतली. सचिव किंचाळले, "घासलीत?" म्हटलं, घासली, पण ही सगळी खोटी आहेत, तुमचा नियम खऱ्यांना ना? त्यांचा विश्वास बसेना. दातांचा डॉक्टर असून त्यांनी एक उचलून दातांनी चावून पाहिलं (खूण उमटली आहे, तीही मांडणार आहे). मग म्हणाले, विषय काय लिहू? मी सांगितलं, कंडक्टरच्या गळ्यात मारलेली नाणी. ते चावलेलं नाणं पुसत एकदम बदललेल्या आवाजात म्हणाले, "तुमचे वडील कोणत्या मार्गावर होते हो?" मी मार्ग सांगितला. दादा, मला टेबल मिळालं, तेही वर्गणी न घेता. जागा स्वच्छतागृहाच्या दाराशी आहे, पण तिथे सगळ्यांना यावंच लागतं. तेव्हा अट पुरी झाली, डबा माझा.

वहिनीला नमस्कार. औषधं वेळेवर घे.

तुझी,
धाकटी

ता. क. खरं काम सांगायचं राहिलंच. टेबलावर एक पाटी हवी आहे आणि आपल्या घरात अक्षर तुझंच देखणं. मजकूर एवढाच: "आमचे वडील बस कंडक्टर होते. ही नाणी त्यांना प्रवाशांनी दिली." कंडक्टरच लिही हं. तू चारचौघांत सांगतोस तसं "वाहतूक खात्यात होते" नको. खाली सही कर, हुद्द्यासकट.

ता. ता. क. तुझा वाटा मी बुडवलेला नाही. एक नाणं प्रदर्शनातून काढून याच पाकिटात घातलं आहे. कॉलेजात असताना मित्रांच्या घोळक्यात तू बाबांच्या बसमध्ये चढलास आणि ओळख न दाखवता हात पुढे केलास, ते हे. शिशाचं आहे. बाबांनी तिकीट फाडलं आणि वरचे सुटे तुला खरे दिले. मला त्यांनी हे नाणं दाखवून एकदाच सांगितलं आणि दादाला कधी विचारू नकोस म्हणाले. म्हणून विचारत नाही.