तीन अंश कमी भरलेला त्रिकोण

ती. दादा यांस,

साष्टांग नमस्कार (गुडघे परवानगी देतात तेवढा; उरलेला मनोभावे). आपला रक्तदाब आणि वहिनींची कंबर ठीक असावी. आपली बहीण जाऊन सात महिने झाले. घर व्यवस्थित आहे. म्हणजे वस्तू जागच्या जागी आहेत.

लिहिण्यास कारण, माझ्या हातून एक लाजिरवाणी गोष्ट घडली आहे. आपल्या बहिणीच्या पश्चात नातीच्या भूमितीची जबाबदारी मी अंगावर घेतली (कोणी सांगितले नव्हते, हे सूनबाईंनी नंतर दोनदा स्पष्ट केले). चौतीस वर्षे जमिनी मोजलेल्या माणसापुढे शाळकरी त्रिकोणाची काय मातब्बरी, असा माझा समज. समद्विभुज त्रिकोण, वरचा कोन चाळीस अंश, पायाचे कोन काढा. नात लगेच म्हणाली, "सत्तर-सत्तर. एकशे ऐंशीतून चाळीस काढायचे नि निम्मे करायचे. आजीनं शिकवलंय." मी मात्र पुस्तकातल्या आकृतीवर कोनमापक ठेवला. सहासष्ट आणि एकाहत्तर भरले. वरचे चाळीस धरून एकशे सत्त्याहत्तर. तीन अंश गहाळ! वरचा कोन मोजला, तो त्रेचाळीस. मी छापील चाळीस लाल शाईने खोडून त्रेचाळीस केले, शेजारी सही केली (सवयीने तारीखही घातली) आणि म्हणालो, "तुझ्या आजीने जन्मात कधी कोनमापक हातात धरला होता का?" हे वाक्य आता लिहितानाही सहन होत नाही.

चाचणीत तेच उदाहरण आले, आणि नातीने सहासष्ट-एकाहत्तरच लिहिले. बाईंनी चूक दाखवली, तेव्हा "आमच्या आजोबांनी मोजलंय!" म्हणून ती उभी राहून भांडली, आणि सारा वर्ग हसला. घरी मला म्हणाली, "बाईंनी अजून तपासलं नाही, आजोबा." मला कळले ते वहीतल्या शेऱ्यावरून (वर्गातले भांडण मागाहून सूनबाईंकडून): 'आकृती कच्ची असते. मोजायची नाही, विचार करायचा. पालकांनीही.'

पोरीने माझी लाज झाकली, आणि मी चार दिवस तिच्याशी केवळ हवापाण्याविषयी बोलतो आहे. तरी आपण (आपल्या बहिणीलाही गणित आपणच शिकवलेत) रविवारी येऊन नातीची शिकवणी घ्यावी, ही विनंती.

आपला,
कोनांच्या बाबतीत भरवसा न ठेवण्याजोगा मेहुणा

ता. क. वरील विनंती लबाडीची आहे. नातीला भूमिती येते. आपण आलात की माझी कबुली आपल्या तोंडून परस्पर उरकेल, असा डाव होता. तो रद्द समजावा; आत्ताच तिला सांगून आलो. ती म्हणाली, "मला माहीत होतं, सत्तरच येतं." मग तसे का लिहिले नाहीस, असे विचारले. तर म्हणे, "किती दिवसांनी तुम्ही जेवणाशिवाय कशासाठी तरी टेबलाशी बसला होतात!"

आणखी ता. क. तिने मला पाच उदाहरणे घालून दिली आहेत. तिसरे सुटत नाही. सोबत उतरवून पाठवीत आहे. उत्तर कळवू नये. आपल्या बहिणीने ते कसे समजावून सांगितले असते, तेवढे मात्र लिहावे. कितीही पाने झाली तरी चालतील.