मोजमाप चालू असलेलं घर

४ मार्च १९८२, गुरुवार

कर्जतहून एसटीने खालापूर, पुढे बांधकामाचा वर्ग घेऊन पायी वाडीवर. आधी खोपोलीकडच्या पत्र्याच्या चाळीत बसवलं होतं सगळ्यांना, मागच्या खेपेला पोशीरला वर्गातल्या भोईरच्या घरी, आज आम्ही स्वतः बांधलेल्या घरात. माझा धडा एवढाच : भरदुपारी आत बसा, काय वाटतं ते सांगा. चाळीत सगळ्यांचे शर्ट भिजले. पोशीरला दोघं पेंगले. आज कुणी बोलेचना. बोलून मोडू नये असा गारवा होता आत.

पश्चिमेची भिंत मातीची, हातभर जाड. बाकी तिन्हीकडे कारवीचा दुहेरी कूड, दोन्ही अंगांनी लिंपलेला. वर कौलं. कागदावर मीच काढलं होतं हे सगळं, तरी आत पाऊल टाकलं आणि अंगावर काटा आला. माती आणि काटक्या, बस्स. भोईरने आतल्या तापमापकाचा पारा वाचला, त्याला पटेना, दुसऱ्या खिळ्याला टांगून पुन्हा वाचला.

घरकुलं मंजूर करणाऱ्या साहेबांचं बोलणं डोक्यातून जात नाही. "एक कुटुंब उन्हाळाभर राहू दे त्यात. सुखाने राहिलं तर वाडीची बाकीची घरकुलं अशीच. नाहीतर सिमेंटचे पत्रे, मग वाद नको." म्हणजे सगळ्या वाडीच्या डोक्यावर काय येणार ते सुंदराबाई, गणपत आणि त्यांच्या दोन पोरी यांच्या राहण्यावर.

११ मार्च, गुरुवार

सुं.बाईंनी ठेवलेलं घर पाहावं. हंडे घासून रांगेत, चटई अंथरलेली, सारवणावर बोटांच्या कमानी एकसारख्या उमटलेल्या. आणि चूल! धुराडं इतकं ओढतं की काजळीचा ठिपका नाही कुठे. धुराड्याची कल्पना भोईरची. वर्गापुढे तोंड भरून कौतुक केलं, पोरगा कानापर्यंत लाल.

२० मार्च

भिसेगावची माझी खोली. स्लॅबची. मालक छाती फुगवून सांगतात, पक्कं बांधकाम आहे. आहेच. सकाळी आत शिरलेलं ऊन झोपेपर्यंत बाहेर पडत नाही. जगाला गार घरं शिकवणारी बाई डोक्यावर ओला पंचा घेऊन पेपर तपासते. बरं आहे, पोरं बघत नाहीत.

१ एप्रिल, गुरुवार

वर्गातला सावंत आज तावातावाने. "बाई, लोकांना पक्कं हवं असतं. मातीचं म्हणजे गरिबाचं. आपण कितीही मोजलं तरी." मी म्हटलं, राहणाऱ्यांनाच विचार. त्याने विचारलं. सुं.बाई म्हणाल्या, "घर झ्याक हाय." गणपत पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत उभा.

काहीतरी आहे. विचारायला हवं होतं. एसटीची वेळ झाली आणि राहून गेलं.

१४ एप्रिल, बुधवार

सुट्टी. एकटीच गेले वाडीवर. बाहेरचा पारा बंद पडलाय असं भोईर म्हणाला होता, तो बदलायला.

दाराला कडी. आत कुणी नाही. हंडे नाहीत, चटई नाही. चुलीत हात घातला, राख नाही. राख कधी नव्हतीच. मागच्या जुन्या झोपडीतून मात्र धूर येत होता.

सुं.बाई पदराला हात पुसत आल्या. "आज कशा गं बाय? आज बेस्तरवार नाय."

"तुम्ही राहत नाही इथे?"

त्यांना माझाच प्रश्न अजब वाटला. "काम सरल्याबिगर कसं राहायचं? दर बेस्तरवारी तुमची पोरं टेप लावतात, पारा लावतात, भिंत ठोकून बगतात. म्हंजे काम चालूच हाय ना? बांदनाऱ्यांनी हात धुवायचे, घरात जेवायचं, नारळ घेऊन जायचं. मंग आमची घरभरणी. त्याच्या आदी चूल कोन पेटवंल?"

"आणि हंडे?"

"तुमी येनार म्हनून आनून मांडायची. रिकामं घर दाखवावं का पावन्यांना?"

गणपत झोपडीच्या दारातून म्हणाला, "आमी म्हनतो, लई बारीक काम करतात ही पोरं. सरतच नाय."

त्या घराच्या ओट्यावर बसून आधी हसले. मग रडू आलं. काजळी नाही म्हणून भाषण ठोकलं होतं मी. चूलच पेटली नव्हती तर काजळी येणार कुठून? आणि ही माणसं मागे पाचोळ्याच्या झोपडीत उकडून निघत होती, आणि पुढचं घर, जे त्यांच्या लेखी अजून आमचं होतं, ते दर आठवड्याला सारवत होती. न कुरकुरता. इतकी लाज आणि इतकं नवल एकाच वेळी मला कधी वाटलं नव्हतं.

१५ एप्रिल, गुरुवार

वाडीवर नेलं नाही कुणाला. वर्गात सगळं सांगितलं. भोईर म्हणाला, "म्हंजे बाई, आपला पारा रिकाम्या घराचा होता." खरं आहे. चार माणसं, दोन वेळची चूल, मग गारवा किती उरेल ते कुणालाच ठाऊक नाही. मलाही नाही.

सावंतने विचारलं, "साहेबांना सांगायचं?" पोस्टातून फोन केला. जसं आहे तसं सांगितलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग, "मेमध्ये येतो मी. आकडे तयार ठेवा."

आता पेच असा. मापं घेत राहिलो तर घर त्यांचं होत नाही. बंद केली तर साहेबांपुढे ठेवायला काही नाही. पोरांनी दिवसभर वाद घातला. शेवटी भोईरच म्हणाला, घर कुणासाठी बांधलं? मी फळा पुसला. त्यावर लिहिण्यासारखं काही उरलं नव्हतं.

२६ एप्रिल, सोमवार. अक्षय तृतीया

घरभरणी.

गणपतने अंगणात एकेकाच्या हातावर पाणी घातलं. टेप, पट्ट्या सगळं आधीच पिशवीत. पारा भोईरने आपल्या हाताने उतरवला, खिळ्याचं भोक ओल्या मातीने बुजवून अंगठ्याने सारखं केलं.

सुं.बाईंनी चूल पेटवली. धूर आधी खोलीत घुटमळला, सावंत खोकला, भोईरचा चेहरा पडला. आणि मग कुणी बोलवावं तसा धूर वळला आणि धुराड्यात शिरला. सगळी पोरं माना वर करून. मीसुद्धा. एवढी वर्षं शिकवतेय, धूर कुठून जातो ते शंभरदा फळ्यावर काढलंय, पण जाताना असा पाहिला नव्हता. देवळात उभं राहावं तशी उभी होते.

तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं. वर्गाच्या वतीने नारळ भोईरला. निघताना सुं.बाई पोचवायला आल्या नाहीत, चुलीशी होत्या. आतूनच "या गं" म्हणाल्या.

६ मे, गुरुवार

गेलो नाही. हात शिवशिवतात. भोईर दोनदा कॅलेंडरकडे बघून गेला. ऊन असं की भिसेगावच्या रस्त्यावर डांबराला चप्पल चिकटते. ते घर आत्ता कसं असेल, एवढंच दिवसभर डोक्यात.

१३ मे, गुरुवार

वाडीवरच, पडवीत बसून लिहितेय.

साहेब भरदुपारी जीपने आले. मी आणि भोईर आधीच पोचलो होतो. दार बंद. कडी वाजवली. आतून सुं.बाई, आवाज न चढवता : "आत्ता नको. जेवून पडलीत समदी. ऊन उतरलं की या."

साहेब माझ्याकडे बघायला लागले. "यांना कळवलं नव्हतं?" कळवलं होतं. या वाडीत जीप आली की लोक झोपेतून उठून उभे राहतात. आज एका बाईने दार लावून घेतलं, आणि माझा ऊर भरून आला. साहेबांपुढे हसू दाबता दाबता पुरेवाट.

"आकडे?"

"नाहीत, साहेब."

त्यांनी जीभ टाळूला लावून आवाज केला, टोपी काढली, पडवीत भिंतीला टेकून बसले. पत्र्यांचा हिशेब सुरू केला, किती लवकर होतं काम वगैरे. बोलता बोलता तळहात मागच्या मातीच्या भिंतीला लागला. काढला. पुन्हा लावला, आणि मग तिथेच राहू दिला. पत्र्यांचं बोलणं अर्ध्यावरच राहिलं. जीपमध्ये भाजणारा ड्रायव्हरही येऊन खांबाशी बसला.

धुराड्याच्या तोंडाशी कौलांवर काळा पट्टा उमटलाय. भोईर मघापासून तेवढंच बघतोय. आत कुणीतरी कूस बदलली, बांगड्या वाजल्या, पुन्हा सगळं शांत.

साहेबांचे डोळे मिटलेत, तोंड थोडं उघडं. उठल्यावर काय लिहितील कोण जाणे. ऊन उतरायला अजून बराच अवकाश आहे. भोईरने खुणेने विचारलं, उठवू का? मी मान हलवली, नको.